जिंकलेली जमीन आणि चोरलेली जमीन

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत आपल्यापुढे एक निवेदनाचा मसुदा वाचला गेला. दलित आणि आदिवासी कुटुंबांना सरकारने दिलेल्या जमिनींच्या विक्रीसंबंधी जो १९७८ चा कर्नाटकचा कायदा आहे, ज्याला आपण सगळे पीटीसीएल म्हणून ओळखतो, त्यात २०२३ साली झालेली दुरुस्ती मागे घ्यावी अशी मागणी करणारा तो मसुदा. त्यात एक वाक्य होते. आमच्या पूर्वजांनी हा मुलूख तलवारीच्या जोरावर मिळवला, तेव्हा आज कोणी मागचा हक्क सांगत येणे म्हणजे आमच्याच घरात चोर शोधणे आहे, अशा अर्थाचे. त्या वाक्याला टाळ्याही पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून एका तरुण मुलाने विचारले, काका, जिंकणे आणि चोरणे यात नेमका फरक काय? त्यावर आपल्यातल्या एका ज्येष्ठांनी पटकन उत्तर दिले की रात्री गुपचूप येतो तो चोर आणि दिवसा नगारा वाजवून येतो तो राजा. सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. अध्यक्षांना तसे बोललो, तर ते म्हणाले, मग पुढच्या सभेत तुम्हीच बोला, तुम्ही रोज जमिनीचे कागद बघता.

खरे आहे, बघतो. आम्ही इतिहासकार नव्हे. बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. पीककर्जाला आलेली पहाणी तपासायची, बोजा चढवायला पत्र द्यायचे, बोजा उतरवायला पत्र द्यायचे, यात आमची वर्षे गेली. पण याच कामामुळे या प्रश्नाकडे बघण्याची आमची एक सवय झाली आहे, ती सांगतो.

बी.कॉम.ला आम्हाला १९३० चा माल विक्री कायदा होता. त्यातले कलम २७ परीक्षेला हमखास येई. ज्याच्याकडे स्वतःची मालकी नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. चोराकडून तुम्ही घड्याळ विकत घेतले, पूर्ण किंमत मोजून, पावती घेऊन घेतले, तरी ते घड्याळ तुमचे होत नाही. मूळ मालक आला की द्यावे लागते. घड्याळाचे असे आहे. जमिनीचे काय? जमिनीला १९६३ चा मुदतीचा कायदा लागतो. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालक म्हणून, बारा वर्षे वहिवाट केली आणि खऱ्या मालकाने दावा लावला नाही, तर त्याचा हक्क संपतो. सरकारी जमीन असेल तर तीस वर्षे. म्हणजे घड्याळ चोरणाऱ्याला कधीच मालकी मिळत नाही, आणि शेत बळकावणाऱ्याला बारा वर्षांनी मिळू शकते. आमचे एक सर वर्गात म्हणायचे की मोठ्या चोरीला कायदा दमतो. तेव्हा ती गंमत वाटायची.

आता आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. सुरपूर. आज ते यादगीर जिल्ह्यात आहे, पूर्वी गुलबर्ग्यात होते. तिथे बेडर नायकांचे राज्य होते. बेडर म्हणजे मराठीत आपण ज्यांना बेरड म्हणतो ते. औरंगजेबाची आयुष्यातली शेवटची मोहीम यांच्यावरच झाली, वागिनगेऱ्याच्या किल्ल्यावर, १७०५ साली. नव्वदीकडे झुकलेला बादशहा जातीने तिथे बसला होता आणि त्या वेळी बेडरांच्या मदतीला धनाजी जाधव आणि हिंदूराव मराठी फौज घेऊन आले. हे आपण विसरू नये. पुढे त्याच सुरपूरहून पेशव्यांकडे खंडणी जाऊ लागली, हेही विसरू नये.

नंतर इंग्रज आले. राजा व्यंकटप्पा नायक लहान होता तेव्हा कारभार बघायला मेडोज टेलर नावाचा अधिकारी बसवला. तो मोठा लेखकही होता. मुलगा त्याला अप्पा म्हणत असे. १८५३ मध्ये राजा वयात आला, टेलर गेला, आणि १८५८ च्या फेब्रुवारीत राजाने बंड केले. बंड मोडले. राजा हैदराबादला पकडला गेला. शिक्षा झाली, कमी झाली, आणि चेंगलपट्टला नेत असताना वाटेतच गोळी लागून तो गेला. स्वतःच झाडून घेतली असे सरकारी दप्तर सांगते. राज्य जप्त झाले.

इथपर्यंत कोणी म्हणेल, बंड केले, हरले, राज्य गेले. जिंकणाऱ्याने जिंकले. पण पुढचे बघा. १८६० साली इंग्रजांनी ते सुरपूर निजामाला बक्षीस दिले. १८५७ मध्ये निजाम आपल्या बाजूने राहिला म्हणून. त्याच तहात निजामाकडचे पन्नास लाखांचे येणेही माफ केले. आम्ही खातेवहीच्या माणसांनी हे वाचले की लगेच दोन बाजू दिसतात. एका बाजूला कर्ज निर्लेखित, दुसऱ्या बाजूला सुरपूर हस्तांतरित. ज्यांचे सुरपूर होते त्यांचे नाव त्या नोंदीत कुठेच नाही. निजामाने ते जिंकले नव्हते. त्याने एक गोळीसुद्धा झाडली नाही. त्याला ते मिळाले. आणि १९४८ पर्यंत ते त्याचे होते. मग त्याचा हक्क कसला म्हणायचा, जिंकल्याचा की चोरीचा माल बक्षीस मिळाल्याचा?

वऱ्हाडाची गोष्ट तर सरळ बँकेची आहे. कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाच्या नावावर लिहीत गेले, तो फिटेना, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख लावून घेतला. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत दिले, वऱ्हाड ठेवले. १९०२ मध्ये कर्झनने त्याचा कायमचा पट्टा केला, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर. याला लढाई नाही, दरोडाही नाही. याला आमच्या भाषेत गहाणवट बुडवणे म्हणतात. असो, तो आजचा विषय नाही.

सुरपूरकडे पुन्हा येतो. कारण बेडरांचे पुढे जे झाले ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे मुंबई इलाख्यात बेरडांचे नाव त्या यादीत गेले. म्हणजे ज्यांचे किल्ले गेले, ज्यांच्या चौकी-पहाऱ्याच्या वतनी जमिनी गेल्या, त्यांच्या पोरांना जन्मतःच चोर म्हणून दप्तरात लिहिले गेले. त्याआधीचे उमाजी नाईकांचे प्रकरण आपण शाळेत शिकलो आहोत. पुरंदरच्या राखणीचे रामोशांचे हक्क काढले, त्यातून बंड उभे राहिले आणि १८३२ मध्ये उमाजींना फाशी झाली. ज्याने घेतले तो राजा आणि ज्याचे गेले तो दरोडेखोर. ती यादी १९५२ मध्ये रद्द झाली. आज महाराष्ट्रात बेरड विमुक्त जातीत मोडतात आणि आपल्याकडे १९९१ पासून बेडर अनुसूचित जमातीत. उदगीरचा बेरड वेगळा आणि औरादचा वेगळा, ही १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची करामत. तर मंडळी, चोर कोण आणि विजेता कोण हे ठरवताना शब्द कोणाच्या दप्तरात लिहिला आहे हे आधी बघावे लागते.

त्या तरुण मुलाला आम्ही विचारले, बाळा, तुझ्या डोक्यात हा प्रश्न आला कुठून? तो म्हणाला, अमेरिकेतल्या आदिवासींवरून वाद चालतो, त्यावरून. मग आम्ही त्याच्याकडूनच काही समजून घेतले, काही वाचले. तिथे १८२३ साली एक खटला झाला. एकाच जमिनीवर दोघा गोऱ्यांचा दावा. एकाची जमीन मूळच्या इंडियन लोकांकडून पैसे देऊन विकत घेतलेली, दुसऱ्याची अमेरिकन सरकारकडून मिळालेली. कोणाची खरी? न्यायालयाने सरकारवाल्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती मार्शल यांचे म्हणणे थोडक्यात असे की जिंकल्याने जो हक्क येतो तो जिंकणाऱ्याच्याच न्यायालयाला नाकारता येत नाही. बघा, ज्याने खऱ्या मालकाला पैसे मोजले तो हरला. आमच्या कलम २७ च्या बरोबर उलटे.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण त्यात व्याज आहे. सू नावाची जमात. १८६८ च्या करारात सरकारने ब्लॅक हिल्सचे डोंगर त्यांचे म्हणून मान्य केले. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले. १८७७ मध्ये सरकारने डोंगर काढून घेतले. शंभराहून जास्त वर्षे भांडून १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की हे घेणे गैर होते, भरपाई द्या. मूळ किंमत सुमारे एक कोटी एकाहत्तर लाख डॉलर आणि वर पाच टक्के सरळ व्याज, मिळून दहा कोटींच्या वर. आम्ही सवयीने आकडा करून बघितला. एकशे तीन वर्षांचे सरळ व्याज धरले तर साडेदहा कोटी होतात. तेच चक्रवाढ धरले, जसे आपल्या शेतकऱ्याच्या थकलेल्या कर्जाला धरले जाते, तर अडीचशे कोटी डॉलरच्या वर जातात. देणारा सरकार असला की व्याज सरळ असते, हा आमचा बँकेतला अनुभव अमेरिकेतही खरा ठरला. पण खरी गोष्ट पुढे आहे. सू लोकांनी ते पैसे उचललेच नाहीत. ते खाते तसेच पडून आहे, वाढत वाढत शंभर कोटी डॉलरच्या वर गेले आहे. त्यातले अनेक लोक अतिशय गरीब आहेत. तरी उचलत नाहीत, कारण पैसे उचलले की विक्री झाली असे होईल, आणि त्यांनी डोंगर विकलेले नाहीत. आम्ही बँकेत इतकी वर्षे आहोत, पण अशा खात्याची कल्पना केली नव्हती.

आता आपल्याकडे या. जुने हैदराबाद संस्थान. आदिलाबाद जिल्हा, त्यात तेव्हा किनवट आणि राजुराही होते, १९५६ मध्ये ते मराठी मुलखात आले. तो गोंडांचा आणि कोलामांचा प्रदेश. मूळचे तेच. आधी जंगल राखीव झाले, मग मोजणी झाली, पट्टे लिहिले गेले. गोंड पिढ्यानपिढ्या कसत होता, पण कागद त्याच्याकडे नव्हता. कागद कोणाला समजत होता? तेलुगू कोमटी, रोहिले सावकार, पटवारी, आणि आपली मराठी माणसे. रस्ते झाले, रेल्वे झाली, तसे वऱ्हाडातून आणि मराठवाड्यातून शेतकरी, व्यापारी तिकडे गेले आणि पट्टे त्यांच्या नावावर चढले. गोंड एक दिवस उठून बघतो तर आपल्याच शेतावर तो अतिक्रमणदार. लढाई झाली नाही. नगारा वाजला नाही. रात्रीही कोणी आले नाही. भर दिवसा कचेरीत, शाईने झाले.

कोमराम भीम हे नाव आपण ऐकले असेल. कसण्यासाठी जमीन मागत ते अर्ज-विनंत्या करत राहिले, काही झाले नाही, शेवटी संघर्ष झाला आणि १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात ते साथीदारांसह मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाला तिकडे धाडले. त्याने गोंडांच्या जमिनी कशा गेल्या हे तपशीलवार लिहून दिले आणि मग हजारो गोंडांना पट्टे मिळाले. या कामात एक मराठी अधिकारी होता, आणि तो आपल्या बिदर जिल्ह्यातला, हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०, निलंगा. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना मानतो, आपल्या कपाटात त्यांची पुस्तके असतात. पण ते आदिलाबादला गेले तेव्हा आधी गोंडी शिकले, आणि त्या भाषेचे व्याकरणही लिहिले. शिवाजी महाराजांच्या विजयाचा इतिहास लिहिणारा माणूस गोंडाच्या गेलेल्या शेताचाही हिशोब मांडू शकतो. या दोन गोष्टी एकाच घरात राहू शकतात, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

आता त्या मसुद्यातल्या वाक्याकडे येतो. तलवारीच्या जोरावर मिळवला. मंडळी, आपली जुनी घराणी इथे कशी टिकली याचा जरा विचार करा. बहमनी गेले, बरीदशाही आली. विजापूरकर आले, त्यांच्या महसुली दप्तरात मराठी चालत होती म्हणून आपल्या लोकांची सोय झाली. मोगल आले. निजाम आला. १७६० ला उदगीरला भाऊसाहेबांनी निजामाला हरवले, १७९५ ला खर्ड्याला पुन्हा हरवले, मुलूख इकडचा तिकडे झाला, पुन्हा तिकडचा इकडे झाला. आणि या सगळ्यात देशमुखाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, पाटलाची पाटीलकी जागच्या जागी राहिली. का राहिली? कारण राजा बदलला म्हणजे सारा कोणाला द्यायचा ते बदलले. गावातले शेत कोणाचे हे बदलले नाही. जुन्या काळच्या जिंकण्याला ही मर्यादा होती, सगळीकडे पाळली गेली असे नाही, पण होती. आपली घराणी याच मर्यादेवर जगली. जिंकणाऱ्याला शेतही मिळते असा नियम असता तर औरंगजेबाच्या वेळीच आपली वतने गेली असती.

म्हणून आम्ही म्हणतो की ते वाक्य आपल्याच पायावर धोंडा आहे. तलवारीने हक्क ठरत असेल तर शेवटची तलवार कोणाची? आपल्यानंतर निजामाची, त्याच्यावर इंग्रजाची, आणि १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौजेची. त्या हिशोबाने आपल्याकडे काहीच उरत नाही.

आणि १९४८ चा विषय निघाला आहे तर एक गोष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. रझाकारांनी आपल्या भागात काय केले ते आपण जाणतो. गोरट्याच्या हत्याकांडाच्या कथा ऐकत आपण वाढलो, तिथे आता स्मारकही झाले आहे. पण पोलीस ॲक्शननंतर नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवले, त्यांच्या अहवालात सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून चार नावे आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्यात माणसे मारल्याचे तर आहेच, पण घरे आणि जमिनी बळकावल्याचेही आहे. बळकावणारे सगळे बाहेरून आले नव्हते. ते जिंकणे होते का? फौज तर भारत सरकारची होती, शेत घेणारा शेजारी होता. इतकेच बोलून थांबतो.

आता आमच्या घरातले सांगतो, म्हणजे दुसऱ्याला बोलतो असे वाटू नये. आमच्याकडे इनाम जमीन होती. कुठल्या तरी पूर्वजाने माळावर वस्ती बसवली म्हणून सनद मिळाली असे घरात सांगतात. त्या माळावर आधी कोणाची गुरे चरत होती, कोण शिकार करत होते, हे सनदेत नाही आणि घरात कोणी विचारलेही नाही. १९५५ च्या कायद्याने इनाम गेले, तरी बरीच जमीन राहिली. मग १९७४ आले. देवराज अर्स मुख्यमंत्री होते. १ मार्च १९७४ पासून कुळाकडची सगळी जमीन सरकारजमा, आणि कुळाने सात नंबरचा अर्ज दिला की न्यायाधिकरणामार्फत त्याच्या नावावर. आमच्या जन्माआधीची गोष्ट. पण आमची आजी जाईपर्यंत एकच वाक्य म्हणायची, कुळानं आमची जमीन खाल्ली. चोर मेले, म्हणायची. त्या घराशी बोलणे नव्हते. त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली तर उघडलीसुद्धा नाही.

पुढे आम्ही बँकेत लागलो. एक दिवस त्याच घरातला नातू पीककर्जाला आला. पहाणी पुढे ठेवली. सर्वे नंबर बघितल्याबरोबर आम्हाला कळले. पहाणीत जमीन कशी आली याचा एक रकाना असतो. त्यात न्यायाधिकरणाचा आदेश लिहिलेला होता. म्हणजे कायद्याने आलेली, स्वच्छ. त्याचा आजा, पणजा तीच जमीन कसत होते. आमच्या घराण्यातल्या कोणी त्या शेतात नांगर धरल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आणि आमच्या घरात त्याला चोर म्हणत होते. आम्ही कागद तपासले, कर्ज मंजूर झाले. त्या मुलाने पेढे आणले. आम्ही घेतले. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे.

तेव्हापासून चोरी हा शब्द आम्ही जपून वापरतो. ज्याचे जाते त्याला ती चोरीच वाटते आणि ज्याला मिळते त्याला न्याय किंवा विजय वाटतो. पण म्हणून सगळे सारखेच असेही आम्ही म्हणणार नाही. फरक कळायला काही खुणा आहेत. कसत कोण होता? ज्याचे गेले त्याला विचारले होते का, त्याला कागद वाचता येत होता का? आणि ज्याने घेतले त्याला घेताना माहीत होते का? १९७४ ला जमीन कसणाऱ्याकडे गेली. आदिलाबादला कसणाऱ्याकडून गेली. दोन्हीकडे पट्टाच बदलला, पण एकच शब्द दोन्हीला लावता येणार नाही.

महाराष्ट्राने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ मध्ये केला. त्याला आव्हान दिले गेले, पण लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आपला पीटीसीएल कायदा १९७९ च्या जानेवारीपासून लागू आहे. सरकारने दलित किंवा आदिवासी कुटुंबाला दिलेली जमीन अटी मोडून विकली असेल तर ती विक्री रद्द आणि जमीन परत, आणि कायदा आल्यानंतर सरकारी परवानगीशिवाय विक्रीच नाही. १९८४ मध्ये मंचेगौडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मात्र ज्याचा कब्जा कायदा येण्याआधीच इतका जुना झाला की मुदतीने त्याचा हक्क पक्का झाला, त्याला संरक्षणही दिले. २०१७ मध्ये नेक्कंटी रामलक्ष्मी खटल्यात न्यायालय म्हणाले की अर्ज वाजवी मुदतीत केला पाहिजे, पंचवीसेक वर्षांनी उठून नाही. आणि २०२३ च्या दुरुस्तीने कर्नाटक सरकारने ती मुदतच काढली. या दुरुस्तीचा अर्थ कसा लावायचा यावर पुढेही न्यायालयांत वाद झाले आहेत.

आपल्यातल्या काहींच्या पोटात गोळा आला आहे तो याचमुळे. आम्हाला ते समजते. एका सभासदाने आम्हाला दस्त दाखवला. त्यांच्या वडिलांनी १९८० नंतर चार एकर घेतली. पैसे मोजले, विहीर पाडली, लिंबाची झाडे लावली. विकणाऱ्याचे कुटुंब आता अर्ज करते आहे. ते म्हणतात, आम्ही चोर आहोत का? नाही, तुम्ही चोर नाही. पण दस्तातच लिहिले आहे की ही मंजूर जमीन आहे. ती ओळ त्या वेळी वाचली गेली होती, म्हणूनच भाव निम्मा लागला. स्वस्त का मिळाली हे आपल्याला माहीत होते. बँकेत कर्जासाठी वकील तेरा वर्षांचा, फार तर तीस वर्षांचा शोध घेतो आणि त्याच्या मागे बघत नाही. आपण माणसांनी तेवढ्यावर थांबावे का? आणि इथे तर तीस वर्षांमागेही जायचे नाही, पहिल्याच पानावर आहे.

खरेदीदाराने मोजलेल्या पैशाचे आणि पाडलेल्या विहिरीचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्यातले काही खरेदीदार स्वतः दोन एकरवाले आहेत. त्यांना रस्त्यावर काढून न्याय होणार नाही. मागायचेच असेल तर हे मागा.

म्हणून आमची दुरुस्ती अशी. एक, मसुद्यातले तलवारीचे वाक्य काढावे. दोन, दुरुस्ती रद्द करा ही मागणी काढून त्याऐवजी, लहान खरेदीदाराला सरकारने विहीर, झाडे आणि मूळ किमतीची भरपाई द्यावी, मंजूरदाराकडून नव्हे, सरकारने, अशी मागणी घालावी. तीन, सीमाप्रश्नावर बोलताना १९५६ मध्ये आम्हाला न विचारता आमची गावे वाटली असे आपण म्हणतो. ते बरोबरच आहे. मग गोंडाला, बेडराला, गावकुसाबाहेरच्या माणसाला न विचारता झालेल्या वाटणीवर आपल्या निवेदनात निदान एक ओळ असावी.

यावर मत घ्यायचे की नाही ते अध्यक्षांनी ठरवावे. ज्यांच्याकडे मंजूर जमिनीचे दस्त आहेत त्यांनी मूळ मंजुरीच्या आदेशाची नक्कल, पहाणी आणि बोजाचा दाखला घेऊन पुढच्या रविवारी यावे. आम्ही सकाळी दहा ते एक इथेच बसतो. आदेशातली अट काय आहे आणि दस्ताची तारीख काय आहे, एवढे तरी प्रत्येकाला वाचून दाखवता येईल.